खडीसाखर विरघळेपर्यंत

हेमांगी तायशेट्यांच्या टेबलावर एक पत्र्याचा डबा असे. झाकणावर कधीकाळी गुलाबाचं चित्र होतं, आता नुसता लालसर डाग उरला होता. डब्यात खडीसाखर. केंद्रावर येणाऱ्या नव्या माणसाला वाटे, बाईंना गोडाची आवड असेल. पण आठ-दहा दिवस इथे काढून गेलेला माणूस पुढे जन्मात कुठेही खडीसाखर दिसली की आपोआप तोंड मिटून घेई.

कांदळवेळच्या खाडीकाठी हे केंद्र २०१५ साली सुरू झालं. हेमांगी खारफुटीवर संशोधन करणारी, आणि तिचा नवरा भालचंद्र हा शाळेत विज्ञान शिकवणारा मास्तर. पर्यावरणाचा अभ्यास करणाऱ्या नव्या पोरापोरींना हाताशी धरायचं आणि आपलं संशोधन साध्या माणसांना कसं सांगावं ते दहा दिवसांत शिकवायचं, हे दोघांचं वेड. शिबिराचं नाव 'सांगावा'. बावीस वर्षं दोघांनी चालवलं. मग भाल गेला. त्यानंतरची सहा वर्षं हेमांगीने एकटीने रेटली.

शिकवण्याची पद्धत भालची. तिला तो 'तिसरा कान' म्हणायचा. संशोधकाने आपलं म्हणणं गावातल्या एका माणसाला सांगायचं. त्या माणसाने ते दुसऱ्याला सांगायचं, आणि त्या दुसऱ्याने परत येऊन संशोधकाला ऐकवायचं. आपण काय बोललो ते तिसऱ्या कानापर्यंत काय होऊन पोचलं, ते संशोधकाने निमूट ऐकायचं. मधे बोलायचं नाही. पहिल्याच वर्षी हेमांगीची पाळी होती. गावातला राजाराम तांडेल तिचं खारफुटीचं पुराण तिलाच ऐकवत होता आणि ती दर वाक्याला, "तसं नाही हो!" करत होती. भालने शांतपणे खिशातून देवळातल्या प्रसादाचा खडीसाखरेचा खडा काढला आणि तिच्या तोंडात कोंबला. "हा विरघळेपर्यंत गप्प. चावायचा नाही." खडा चांगला सुपारीएवढा होता. तो विरघळेपर्यंत हेमांगीला कळून चुकलं की आपण वर्षभर जे भाषण देत हिंडत होतो, त्यातलं कुणाला ओ की ठो कळलेलं नाही.

सगळं ऐकून झालं की भाल एकच शब्द म्हणे, "परत." छान नाही, वाईट नाही. परत. पोरं रडकुंडीला यायची. जाताना मात्र त्याच्याच गळ्यात पडून रडायची.

आता २०४३ सालचा ऑक्टोबर चालू होता, आणि हे शिबिर शेवटचं होतं. केंद्राला पैसे देणाऱ्या संस्थेचं पत्र आलं होतं. भाषा अगदी गोड, पण अर्थ एवढाच, की 'उमज' आल्यापासून या शिबिराची गरज राहिलेली नाही. नव्या संशोधकांनाही ते पटलेलं असावं. यंदा एकच अर्ज आला. चंद्रपूरची ऋजुता बोरकुटे, वय एकोणतीस. तिनेही आल्याआल्या कबूल केलं, "मॅडम, खरं सांगू का? मला खाडीचं पाणी तपासायला जागा पायजे होती. इथं राहायचं असंल तर शिबिर करावंच लागते म्हणे."

"चला, म्हणजे निदान एक तरी प्रामाणिक निघाली," हेमांगी हसून म्हणाली.

'उमज' म्हणजे कानामागे चिकटवायचा एक मणी, मुगाच्या दाण्याएवढा. दोन वर्षांपूर्वी गावोगाव फुकट वाटले गेले. त्याची करामत खरोखर तोंडात बोट घालावं अशीच होती. आपण एखादी गोष्ट ऐकत असतो तेव्हा शरीर गप्प बसत नाही. समजलं की नाडी एका तालात येते, घाबरलं की कानामागची कातडी किंचित ओलसर होते, लक्ष उडालं की कानाच्या पडद्याजवळचे बारीक स्नायू सैल पडतात. मणी हे सगळं टिपतो. बोलणारा बोलत असतो, आणि मणी त्याचं वाक्य पकडून, ऐकणाऱ्याला उमजेल असं नवं वाक्य पापणी लवायच्या आत घडवून त्याच्या कानात सोडतो. ऐकणारा मच्छीमार असेल तर जाळ्याचं उदाहरण, सुतार असेल तर रंध्याचं. नाही समजलं तर लगेच दुसरं. आणि आवाजही ऐकणाऱ्याच्या आवडीचा. ज्या माणसाच्या शब्दावर त्याने आयुष्यभर विश्वास टाकला, त्या माणसाच्या जुन्या फोनवरच्या, लग्नाच्या चित्रफितीतल्या आवाजावरून मणी तो आवाज उभा करी. शेवटी बोलणाऱ्याच्या हातातल्या पाटीवर आकडा उमटे, शंभरातल्या किती डोक्यांत गोष्ट पोचली त्याचा. हेमांगीच्या सर्वांत हुशार विद्यार्थ्याला गावाशी पाच वर्षं बोलून जेवढं जमलं नसतं, तेवढं मणी वीस मिनिटांत करी. उष्णतेच्या लाटांचे इशारे, लसीची माहिती, वादळाच्या सूचना सगळं मण्यावर चाललं होतं, आणि त्याने माणसं वाचलीही होती. हे हेमांगी नाकारत नव्हती. तिचं दुखणं वेगळंच होतं.

तिच्याही कानामागे मणी होता.

मणी आला तेव्हा तिने नाक मुरडलं होतं. मग एका दुपारी, जेवण झाल्यावर, सहज म्हणून लावला. रेडिओवर हवामानाची बातमी चालू होती. आणि कानात भाल बोलला. "हेमू, परवा वारा पडणार आहे, बरं का." तोच किंचित घोगरा आवाज, 'बरं का'वर तसाच थांबणारा. बाई खुर्चीत बसल्या जागी हमसून हमसून रडल्या. त्यानंतर रोज दुपारी तासभर ती मण्याशी बोलू लागली. बावीस वर्षांच्या शिबिराच्या ध्वनिफिती होत्या, मण्याला खाद्य भरपूर मिळालं, आणि काही विचारलं तर तो भालच्या आवाजात उत्तरही देई. कुणालाच तिने हे सांगितलं नव्हतं. सांगायला लाजच वाटे. मण्याच्या विरुद्ध तावातावाने बोलणारी बाई, आणि स्वतः मात्र दुपारी दार लावून नवऱ्याशी गप्पा मारते!

ऋजुता येऊन आठवडा झाला, आणि एका सकाळी ती सूक्ष्मदर्शकावरून उठली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"मॅडम, हे पाहा जी."

हेमांगीने डोळा लावला. थेंबभर पाण्यात बारीक, तपकिरी, दोन शेपट्यांचे गोळे गरागरा फिरत होते. एकपेशीय शैवाल. एरवी यांची बीजं चिखलात झोपून असतात. पाऊस संपून पाणी तापलं आणि वारा पडून खाडी निश्चल झाली की ती जागी होतात आणि भराभर वाढतात. त्यांच्यात एक विष असतं. माशांचं त्याने फारसं बिघडत नाही, पण तिसऱ्या, म्हणजे खाडीतल्या शिंपल्या, तळाशी बसून दिवसभर पाणी गाळत असतात. पाणी निघून जातं, विष मांसात साठत राहतं. तिसरीला काहीच होत नाही. ती खाणाऱ्या माणसाच्या मज्जातंतूंमधली, संदेश पुढे नेणारी मिठाची दारं मात्र हे विष बंद करतं. आधी ओठांना मुंग्या, मग बोटांना, मग श्वास घेणारे स्नायूच थंडावतात. आणि शिजवल्याने ते जात नाही.

"परवापेक्षा सहापट झालं," ऋजुता म्हणाली. "मी नमुने पाठवले, पण अहवालाला पंधरा दिवस लागतात म्हणे. त्याच्याशिवाय बंदी निघत नाही."

हेमांगीने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. नवरात्राची सहावी माळ. नऊ दिवस गावातल्या घरांत मासळी बंद. दसरा झाला की दुसऱ्या दिवशी झाडून सगळी कांदळवेळ तिसऱ्यांवर तुटून पडते. खाडीच्या दोन्ही काठांवरच्या बाया पहाटेच्या ओहोटीला चिखलात उतरतात. अठ्ठावीस वर्षं ती हे बघत आली होती. त्या दिवशी गावभर तिसऱ्यांच्या सुक्याचा वास सुटतो आणि भाल तीन-तीनदा वाढून घ्यायचा.

"पाच दिवस आहेत आपल्याकडे," ती म्हणाली.

"पाच काहून? उद्याच सांगतो ना! मणी आहे की."

दुसऱ्या दिवशी जाळी विणायच्या शेडमध्ये चाळीस बाया जमल्या. ऋजुता वीस मिनिटं बोलली. हेमांगी मागे बसून बघत होती. बाया माना डोलावत होत्या, मधूनच कुणाचे डोळे भरून येत होते. बोलणं संपलं आणि पाटीवर आकडा उमटला, अठ्ठ्याण्णव. ऋजुताने उडीच मारली. "अठ्ठ्याण्णव, मॅडम! अरे बाप्पा! संस्थेत कोणालेच मिळाले नसतीन!"

"तुला मिळाले ना. आता तिसरा कान."

"आता काहून? सगळ्याईले समजलं ना!"

"शिबिर करायचंय ना तुला? मग चल." हेमांगीने डबा काखेत मारला.

खारवलेली मासळी वाळत घालायच्या ओट्यावर सुगंधा तांडेल बसली होती. राजारामची ही सून, पन्नाशीची, चिखलात बोट घालून तिसरी कुठे आहे ते सांगणारी. शेजारी नफिसाबी आणि जयवंती. ऋजुताच्या तोंडात खडा गेला. हेमांगी म्हणाली, "सुगंधा, सकाळी काय ऐकलंस ते नफिसाबीला सांग बघू."

"माका सगळा समाजला," सुगंधा म्हणाली. "तिसऱ्ये नासलेत, दूध नासता तसे. मगे काय? दोन कढ जास्त दिवचे. झाला!"

ऋजुताचे डोळे मोठे झाले. तोंडात खडा होता.

"कढ कसले देतंस गे?" नफिसाबी फिसकन हसली. "तांदळात किडे पडतत तसा म्हणान सांगल्यान माका. खराब ते वगळून टाकायचे, चांगले ते ठेवायचे."

"काय तरीच तुमचा," जयवंती म्हणाली. "पोट बिघाडता, एवढाच. ओवो खाल्लो की बरा होता."

"तुमी दोघी आयकूकच नाय धड!" सुगंधा उसळली. "माझी आवस बोलली माझ्या कानात. पंधरा वर्सां झाली तिका जावन. ती माका खोटा सांगतली?"

"मगे माझो बापूस खोटा सांगतलो?" नफिसाबीही उठून उभी राहिली. "तेणां जन्मात कधी खोटा बोलूक नाय!"

"माझ्या आवशीक खोटी म्हणतंस?"

बघता बघता आवाज चढले. तीस वर्षं एका होडीतून पलतडावर, खाडीच्या पलीकडच्या काठाला, जाणाऱ्या या बाया, एकमेकींच्या बाळंतपणाला धावलेल्या. पण आता प्रश्न तिसऱ्यांचा राहिलाच नव्हता. तो कुणाची आई खरी आणि कुणाचा बाप खोटा असा झाला होता, आणि तिथे माघार कोण घेणार? नफिसाबी टोपली उचलून तरातरा निघून गेली. सुगंधा डोळ्यांना पदर लावून बसली. ऋजुताने खडा कडाकडा चावून गिळला.

केंद्रावर परतल्यावर तिने पाटीवरची नोंद उघडली आणि कपाळाला हात लावला. तिचं मूळ वाक्य होतं, 'या तिसऱ्या खाल्ल्या तर माणूस मरू शकतो.' चाळीस बायांपैकी एकतीस जणींच्या कानात ते गेलंच नव्हतं. मरण म्हटल्याबरोबर नाडी उसळे आणि पुढची दोन-तीन वाक्यं डोक्यात शिरत नसत. मण्याला समजण्याचा आकडा वाढवायचा होता. त्याने मरणाचं 'त्रास' केलं, त्रासाचं 'पोट बिघडतं'. दुधाचं उदाहरण सुगंधाला पटकन उमजलं म्हणून ते दिलं. उकळायचं तिने स्वतःच्या पदरचं घातलं, कारण दूध म्हटलं की कुठलीही बाई उकळणारच. मणी खोटं असं काहीच बोलला नव्हता. प्रत्येकीला तिच्यापुरतं समजलं होतं. गावाला मिळून मात्र काहीच समजलं नव्हतं.

"आता काय करू मॅडम?" ऋजुता रडवेली झाली. "मीच सांगितलं ना त्याईले. उकळून खातीन अन् मरतीन."

हेमांगी आपल्या खोलीत गेली. दुपारची वेळ. तिने दार लावलं, मणी चाचपला आणि नेहमीसारखं खुर्चीत बसून विचारलं, "भाल, कसं झालं रे आजचं?"

"छान झालं, हेमू," भाल म्हणाला. "पोरीनं फार छान सांगितलं. तू उगाच जिवाला लावून घेऊ नकोस, बरं का."

बाहेर कावळे ओरडत होते. छान! बावीस वर्षांत, शेकडो पोरांच्या हजारो भाषणांनंतर भालच्या तोंडून तिने हा शब्द एकदाही ऐकला नव्हता. तिच्या स्वतःच्या प्रबंधानंतर नाही, आजारपणात ती त्याला वाचून दाखवी तेव्हा नाही. शेवटच्या आठवड्यात, दवाखान्यात, तिने शिबिराच्या सुरुवातीचं नवं भाषण त्याच्या उशाशी बसून म्हटलं होतं. नाकात नळी असताना हा गृहस्थ पुटपुटला होता, "परत." तिने परत म्हटलं होतं. ते त्याचं शेवटचं बोलणं.

"भाल," ती हळूच म्हणाली, "परत म्हण ना रे एकदा."

"कशाला, हेमू? छानच झालं की."

तिने कानामागे हात नेला आणि मणी उचकटला. कातडीला थोडं दुखलं. सहा वर्षांपूर्वी भाल गेला तेव्हा लोक भेटायला येत होते, चहापाणी होत होतं, रडायला उसंतच मिळाली नव्हती. आज ती पोटभर रडली. मग तोंड धुऊन बाहेर आली आणि ऋजुताला म्हणाली, "ऊठ. परत."

बायांना पुन्हा जमवणं म्हणजे दिव्य होतं. सुगंधा आणि नफिसाबी एकमेकींचं तोंड बघायला तयार नव्हत्या. हेमांगी दोघींच्या दारी दोनदा गेली. अखेर नवव्या माळेला दुपारी शेडमध्ये पंचवीसेक जणी आल्या. हेमांगीने जेवणाचं एक ताट मधोमध ठेवलं आणि सांगितलं, मणी काढून यात ठेवायचे.

कुणी हललं नाही. सुगंधाने तर कानावर हातच ठेवला. "बाय, माझी आवस ती. तुमका काय समाजतला?"

हे तिने आजवर कुणासमोर बोलायचं टाळलं होतं. पण टाळून भागणार नव्हतं.

"समजतं गं," ती म्हणाली. "माझ्या मण्यात भाल होता. वर्ष झालं, रोज दुपारी बोलते त्याच्याशी." भालमास्तरांना सगळ्यांनी पाहिलं होतं. "फार गोड बोलतो. माझं कधी चुकतच नाही त्याच्या लेखी. तुम्ही सांगा, आमचा भाल असा होता?"

नफिसाबी खुदकन हसली. "नाय वो! मास्तर माका माझ्या पोराच्या बारशाक सुद्दा बोलले होते, नाव ठरवलास ता परत इचार करा म्हणान."

हसण्याची एक लाट गेली. हेमांगीने आपला मणी ताटात टाकला. टण् आवाज झाला. "सुगंधा, तुझी आई तुला चिखलात पाय कुठे टाकायचा ते शिकवताना गोड बोलायची का गं?"

सुगंधाचा हात कानावरून गालावर आला. मग म्हणाली, "कानाखाली वाजवी." आणि तिने मणी काढला. मग एकेक करत सगळ्यांनी.

ऋजुता उभी राहिली. हातात पाटी नाही, आकडा नाही. तिची चांद्याची, म्हणजे चंद्रपूरकडची, बोली या बायांना आणि त्यांची मालवणी तिला जेमतेम कळे. सुरुवातीची चार वाक्यं पार वाया गेली. मग तिने हेमांगीकडे पाहिलं. हेमांगीने नुसता डबा वाजवला.

"तुमच्याकडे कूलर नसते ना?" ऋजुताने एकदम विचारलं. "आमच्या चंद्रपूरले उन्हाळ्यात कूलर लागते. मोठी पेटी, तिच्या तीन बाजूंनी गवताच्या ताट्या, वरून पाणी सोडायचं. बाहेरची गरम हवा ताटीतून गाळून आत येते. आमच्याकडं कोळशाच्या खाणी. हवेत सगळी काळी धूळ. ती धूळ ताटीत अडकते. एका वर्षी माझी मोठी आई, म्हणजे मोठी काकू, म्हणे, ताटी उकळून काढू, साफ होईल. मोठ्या गंजात, तुमच्या पातेल्यात, ताटी घातली, खदखदा उकळली. धूळ गेली? कायची जाते! गवताच्या आत शिरली होती. रात्रभर कूलर चालवला अन् सकाळी घरातले अकरा माणसं खोकून राहिले. तिसरी म्हणजे ती ताटी जी. पाणी गाळते अन् विष ठेवून घेते. किती बी उकळा. खाल्लं की आधी ओठ बधिर, मग हात, मग श्वासच बंद. माणूस मरते. पाणी साफ झालं की तिसरी आपोआप धुतली जाते, पण महिना लागते."

मरते म्हटल्यावर बाया दचकल्या. एकदोघींनी तोंडाला पदर लावला. कुणी ते वाक्य मऊ केलं नाही. मग प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. ताटी म्हणजे कसली? अकरा माणसं एका घरात? मोठी आईला कुणी ओरडलं का? ऋजुता हातवारे करकरून सांगत होती.

"महिना म्हणजे कधीसर?" नफिसाबीने विचारलं.

"तुळशीच्या लग्नाच्या आधी नाही," हेमांगी म्हणाली.

मग खडीसाखर. ऋजुताच्या तोंडात खडा, सुगंधा नफिसाबीला सांगतेय. पहिल्यांदा ती मुंग्यांचं विसरली. "परत," हेमांगी म्हणाली. दुसऱ्यांदा नफिसाबीने मधेच टोकलं, सुगंधाने तिला चापटी मारली आणि सगळं बरोबर सांगितलं. दोघींचं भांडण कधी मिटलं ते त्यांनाही कळलं नाही. जाताना ताटातला आपला मणी उचलताना सुगंधा जराशी थांबली आणि तो पदराच्या गाठीला बांधून गेली.

राहिला होता पलतड. खाडीच्या त्या काठावर तीन वाड्या, तिथल्या बायाही तिसऱ्या काढणाऱ्या. तिकडे जाऊन सांगायला दिवसच उरला नाही. दसऱ्याला होडीवाल्यांच्या होड्यांची पूजा, तर बंदच. हेमांगीच्या जिवाला घोर लागला होता.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे पहिल्या होडीने त्या दोघी पलतडावर उतरल्या. कांदळवेळच्या किनाऱ्यावर चिखल रिकामा होता, तेवढं बघून घेतलं होतं. इकडे धुकं होतं, काही दिसेना. हेमांगीला जुनी खोड आठवली. भाल असाच अनोळखी होऊन लोकांत मिसळायचा. तिने लुगडं वर खोचलं, टोपली कमरेला लावली आणि चिखलात उतरून बोटांनी चाचपू लागली. ऋजुताला म्हणाली, "खडा टाक तोंडात. मीही टाकते."

दोन-तीन तिसऱ्या टोपलीत पडल्या असतील नसतील, तोच काठावरून आरोळी आली.

"गे बायांनो! खय हात घालतास गे? ठेवा ते तिसऱ्ये खाली!"

काठी टेकत एक म्हातारी येत होती. सत्तरीची असेल, दोघींनी तिला कधी पाहिलेलं नव्हतं.

"नव्या दिसतास. कोण सांगूक नाय तुमका? खाल्लास तर मरशात! इख चढलाहा तेंका. पयले ओठ मुंगी आयल्यासारखे होतत, मगे हात, मगे श्वासच अडाकता. नि उकळून जाणा नाय ता, उगाच शाणपणा करू नकात." म्हातारी दम घ्यायला थांबली. "थंय चांद्याक वाऱ्याची पेटी आसता, तेच्यात गवात. एका म्हाताऱ्येन ता गवात उकळवन जावयाक वाढल्यान! धूळ गेली काय? नाय! जावय खोकान खोकान बेजार झालो!"

ऋजुताच्या घशातून चमत्कारिक आवाज निघाला. तिने हेमांगीचा दंड धरला, मान जोरजोरात हलवली. जावई! मोठी आईच्या जावयाला गवत! पण तोंडात खडा होता आणि हेमांगीने डोळे वटारले होते.

"तसो तिसरो," म्हातारी बजावत होती. "तुळशीचा लगीन होयसर हात लावचो नाय. माका माझ्या व्हनयेन, भावाच्या बायलेन, सांगल्यान, तिका बाजारात नफिसाबीन. तीनय वाड्ये उतरूक नाय आज, बघा, एकय बाई दिसता?"

धुकं विरळ होत होतं. हेमांगीने मान वळवून पाहिलं. दूरपर्यंत ओला, चकचकीत चिखल पसरला होता आणि त्यात बगळ्यांशिवाय कुणी नव्हतं. तिने टोपली उपडी केली. तीन तिसऱ्या चपकन चिखलात पडल्या.

म्हातारीचं समाधान झालं नव्हतं. तिने काठीचं टोक हेमांगीकडे रोखलं.

"नुसती मान हलव नको. समाजला काय? मगे परत सांग बघया."

हेमांगीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. म्हातारी घाबरली, "अगो, रडतंस कित्याक? खाऊक नाय मां?" ऋजुता तिला धरून उभी होती, तीही रडत होती, हसतही होती. हेमांगीने हाताने थांबायची खूण केली. खडा अजून तोंडात होता, जिभेखाली बारीक होत चाललेला. तो पुरता विरघळेपर्यंत तिघी चिखलात उभ्या राहिल्या.

मग हेमांगीने नाक पुसलं, पदर नीट केला, आणि त्या अनोळखी म्हातारीला पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. जावयासकट.